भेदभावाची केस अंगावर यायला नको असेल तर

इंटरव्ह्यूत "लग्न कधी करणार, मुलांचं काय ठरलंय" हे विचारणं आधी बंद करा, कामाबद्दल विचारा ना, आणि सगळ्यांना तेच प्रश्न, मार्क तिथल्या तिथे कागदावर. बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे आहे आणि त्या रजेत बाईला काढणं बेकायदेशीर, मग "परफॉर्मन्स खराब होता" म्हणून उपयोग नाही, त्यात मागच्या अप्रेझलवर तुम्हीच "एक्सलंट" लिहून सही केलेली असते! 10 किंवा जास्त माणसं असतील तर 2013 च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागतेच, अध्यक्ष सिनियर बाई, निम्म्या तरी बायका, एक मेंबर बाहेरचा. नुसता बोर्ड लावून भागत नाही. आणि तक्रार आली की तक्रार करणारीचीच बदली करायची, हे तर अजिबात नको, प्रकरण तिथेच चिघळतं.