मर्लिनविना स्पिटफायर : काल्पनिक लढाऊ विमानाची प्रतिकृती कशी बांधावी

जे विमान प्रत्यक्षात कधी बांधलेच गेले नाही, त्याची प्रतिकृती पडताळून पाहायला छायाचित्र नसते, आणि म्हणूनच हे काम खऱ्या विमानाच्या प्रतिकृतीपेक्षा अधिक शिस्तीने करावे लागते. मनाला येईल ते इंजिन आणि वाटेल तितक्या तोफा एकाच सांगाड्यावर चढवल्या, तर पाहणाऱ्याचा त्या विमानावर विश्वास बसत नाही. माझ्या मते इतिहासाला धरून एक कारण निवडावे, त्या कारणातून एकच मोठा बदल करावा आणि त्या बदलाचे परिणाम विमानभर प्रामाणिकपणे शोधावेत. येथे घेतलेले उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचे आहे; त्यात रोल्स-रॉइस मर्लिन या द्रवाने थंड होणाऱ्या लांबट इंजिनाऐवजी ब्रिस्टल हर्क्युलिस हे हवेने थंड होणारे गोल इंजिन बसवले आहे.

कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मर्लिन इंजिने कमी पडतील या धास्तीने लँकेस्टर बॉम्बफेकी विमानाची मार्क २ (मार्क म्हणजे आवृत्तीचा क्रमांक) ही आवृत्ती हर्क्युलिस इंजिनांवर काढली गेली आणि तशी ३०० विमाने बांधली गेली; उलट बोफायटर या दोन इंजिनांच्या लढाऊ विमानाच्या मार्क २ ला हर्क्युलिसच्या टंचाईच्या भीतीने मर्लिन इंजिने मिळाली. खुद्द स्पिटफायर मार्क ३ नमुन्यांच्या पुढे गेले नाही, यामागे मर्लिन २० इंजिने हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मार्क २ कडे वळवली गेली हे एक मोठे कारण होते. तेव्हा १९४१ मध्ये विमाननिर्मिती खात्याने स्पिटफायरचा सांगाडा हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी तयार ठेवायला सांगितले, एवढीच कल्पना आपल्याला पुरते.

साहित्यात स्पिटफायर मार्क ५-ब चे किट आणि त्याच प्रमाणाचे बोफायटरचे किट लागते. दोन्ही किटांचे प्रमाण एकच असणे अत्यावश्यक आहे. हर्क्युलिस हे दोन ओळींत चौदा सिलिंडर मांडलेले इंजिन असून त्याचा व्यास सव्वा मीटरहून अधिक आहे. म्हणजे १:४८ प्रमाणात तो २६ मिलिमीटरच्या पुढे जातो आणि काउलिंगसह, म्हणजे इंजिनावरील पत्र्याच्या आवरणासह, आणखी वाढतो. स्पिटफायरचे नाक यापेक्षा बरेच अरुंद आहे, आणि या प्रकल्पातले बहुतेक कष्ट हा फरक मिटवण्यातच जातात.

प्रथम कॉकपिट पूर्ण करून धडाचे दोन्ही भाग चिकटवावेत आणि डिंक पूर्ण वाळू द्यावा. कापण्याचे काम त्यानंतरच करावे, कारण दोन भाग वेगवेगळे कापले की छेद क्वचितच काटकोनात जुळतो. स्पिटफायरची मुख्य इंधन टाकी इंजिन आणि वैमानिक यांच्या मध्ये असते, आणि टाकीच्या पुढे फायरवॉल, म्हणजे इंजिनाची आग मागे येऊ न देणारा पडदा, येतो. कापायचे ते याच फायरवॉलच्या रेषेवर, टाकीला धक्का न लावता. धडाभोवती जाड चिकटपट्टी गुंडाळून तिच्या कडेने बारीक दातांची करवत हलक्या हाताने फिरवावी. कापण्याआधी प्रोपेलरच्या अक्षाची रेषा धडाच्या दोन्ही बाजूंवर पेन्सिलीने शेपटीपर्यंत आखून ठेवावी. नाक गेल्यावर ती रेषा पुन्हा सापडत नाही.

छेदावर एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक शीटची चकती बसवून, आखलेल्या अक्षावर भोक पाडून त्यात पितळी नळी घट्ट चिकटवावी. बोफायटरचे इंजिन आणि काउलिंग याच नळीवर सरकवता येतात, त्यामुळे अंतर पक्के करण्याआधी हवे तितके मागेपुढे करून पाहता येते. येथे घाई करू नये. हर्क्युलिस मर्लिनपेक्षा जड आहे, पण लांबीला आखूड आहे. म्हणून ते फायरवॉलच्या जवळ ठेवले की गुरुत्वमध्य फारसा हलणार नाही, असे कोणत्याही अभियंत्याला सुचले असते. फोके-वुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाच्या डी-९ आवृत्तीत लांब इंजिन आले तेव्हा तोल साधण्यासाठी मागच्या धडात ५० सेंटिमीटरचा तुकडा घालावा लागला होता. आपल्याकडे नाक आखूड होत असल्याने शेपूट जशीच्या तशी राहू द्यावी.

आता रुंद काउलिंगपासून अरुंद धडाकडे जाणारा उतार. जपानच्या कावासाकी कंपनीने १९४५ मध्ये आपल्या की-६१ या लढाऊ विमानाच्या अरुंद धडावर मित्सुबिशीचे गोल इंजिन चढवून की-१०० तयार केले, आणि त्यासाठी त्यांनी जर्मनीहून आणलेल्या फोके-वुल्फ १९० चा अभ्यास केला होता. सोव्हिएत लाग-३ या लढाऊ विमानाचे गोल इंजिनाचे ला-५ होतानाही हाच पेच सोडवावा लागला. या दोन्ही विमानांची वरून घेतलेली चित्रे समोर ठेवून काम करावे. एपॉक्सी पुट्टी एकदम न थापता पातळ थरांत लावावी आणि प्रत्येक थर रात्रभर वाळू द्यावा. उतार पंखाच्या मुळाशी हळूहळू विरला पाहिजे आणि वैमानिकाच्या काचेपुढे कोठेही उंचवटा राहता कामा नये. दोन्ही बाजू सारख्या येण्यासाठी एका बाजूच्या वळणावरून पुठ्ठ्याचे साचे कापून ते दुसऱ्या बाजूला लावून पाहणे हा मला सापडलेला एकमेव खात्रीचा उपाय आहे; केवळ डोळ्यांवर विसंबून केलेला उतार प्रायमर मारताच वाकडा दिसतो. शेवटी वॉटर पेपर ४०० पासून १००० पर्यंत पाण्यासह चालवावा आणि पुसल्या गेलेल्या पत्र्यांच्या रेषा पुन्हा कोराव्यात.

काउलिंग आणि धड यांच्यामध्ये गरम हवा बाहेर पडण्यासाठी फट ठेवून तिच्यावर पातळ शीटच्या झडपा लावाव्यात. हर्क्युलिसच्या जळक्या वायूंची नळी काउलिंगच्या पुढच्या कडेतच वर्तुळाकार फिरते. म्हणून ती कडा विमानाच्या रंगात न रंगवता तापून तपकिरी झालेल्या धातूची दाखवावी. तेथून निघणारा नळ खालच्या बाजूने मागे न्यावा.

बहुतेकांच्या हातून निसटते ते पंखांखालचे काम. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर लागत नाही. मार्क ५ मध्ये उजव्या पंखाखाली रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली छोटा तेल-कूलर असतो. यांपैकी रेडिएटर काढून त्याची खाच शीट व पुट्टीने बुजवावी, तेल-कूलर मात्र राहू द्यावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात रेडिएटर तसाच राहिला आणि ते रंगकाम संपल्यावर लक्षात आले. दुरुस्तीसाठी सगळा उजवा पंख पुन्हा घासावा लागला. नाकाखालचा हवा घेणारा भोंगाही वर न नेता नव्या काउलिंगच्या खालच्या ओठाशी जुळवून घ्यावा, म्हणजे वैमानिकाची नजर अडत नाही.

प्रोपेलर बोफायटरचा घेऊ नये. त्याची पाती स्पिटफायरच्या पायांच्या उंचीला फार लांब आहेत. कोर्सेअर या अमेरिकन लढाऊ विमानाच्या रचनाकारांना चार मीटरहून मोठ्या प्रोपेलरसाठी पंखच वाकवावे लागले होते. मार्क ९ चा चार पात्यांचा प्रोपेलर मिळाला तर तो योग्य ठरतो.

रंगासाठी १९४१-४२ चा हिवाळा निवडावा. ऑगस्ट १९४१ पासून दिवसा लढणाऱ्या विमानांवर वरून डार्क ग्रीन आणि ओशन ग्रे, खालून मीडियम सी ग्रे आले. शेपटीपुढचा पट्टा आणि स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी) स्काय या फिकट हिरवट रंगाचे, तर पंखांच्या बाहेरील पुढच्या कडा पिवळ्या होत्या. धडावरील ब्रिटिश हवाई दलाच्या वर्तुळाकार चिन्हाची पिवळी कडा या काळात रुंद असे. बारीक कडेची वर्तुळे मे १९४२ नंतरची आहेत, आणि किटमधील डिकल (चिन्हांची चिकटचित्रे) अनेकदा नंतरचेच असतात. क्रमांकासाठी एक सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. उत्पादनाचा आकडा शत्रूला कळू नये म्हणून ब्रिटिश क्रमांकमालिकांत मुद्दाम रिकाम्या जागा सोडल्या जात, आणि अशा रिकाम्या जागेतील क्रमांक कोणत्याही खऱ्या विमानाचा नसतो. तोच आपल्या विमानाच्या धडावर लावावा.