घाटात कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

जुलैतल्या कुठल्याही रविवारी सकाळी गगनबावड्याला जा. करूळ घाटाच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागलेली असते. दारं उघडतात, आतून नवे कोरे कॅमेरे उतरतात आणि पाचव्या मिनिटाला निम्मी मंडळी शर्टाच्या टोकानं लेन्स पुसायला लागतात. वीस वर्षं मी हे बघतोय. पहिली दोन वर्षं पुसणाऱ्यांत मीही होतो, म्हणून जरा अधिकारानं बोलतो.

माझी गोष्ट अशी. पहाटे पाचला कोल्हापूर सोडलं. काचा धुरकटत होत्या म्हणून मित्रानं एसी फुल्ल ठेवलेला. कॅमेरा माझ्या मांडीवर, जाळीच्या अगदी समोर. पंचावन्न किलोमीटर तो तसाच गार होत आला. वर पोचलो तर सगळं पांढरं, हाताचं बोट दिसेना. अर्धा तास टपरीवर चहा पीत बसलो. कॅमेरा गाडीतच, एसी चालूच, कारण मित्राला झोप हवी होती. तेवढ्यात वारा फिरला आणि खालची दरी उघडली. दोन धारांच्या मधून ढग कोकणाकडं ओतत होते. धावत गाडीकडं गेलो, कॅमेरा काढला, डोळ्याला लावला तर आत दूध. पुसलं, पुन्हा दूध. तिसऱ्यांदा पुसेपर्यंत दरी मिटली. तसे ढग मला पुन्हा मिळायला चार पावसाळे गेले.

कारण साधं आहे. गार काचेवर दमट हवा बसली की तिचं पाणी होतं. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो तसंच. काच बाहेरच्या हवेइतकी उबदार होईपर्यंत कितीही पुसा, थर पुन्हा बसणारच, वर शर्टाची धूळ काचेवर घासली जाते ती वेगळीच. माझी सवय ठरलेली आहे. वाटेत साळवण गाव आलं की एसी बंद आणि काचा खाली. भिजायचं तर भिजायचं. कॅमेरा पिशवीतच, चेन बंद ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ द्यायचा. लेन्सला हूड, म्हणजे थेंब अडवणारी पुढची कड, लावलेला, खांद्यावर सुती पंचा. छत्रीचा भरवसा गगनबावड्याच्या वाऱ्यात धरू नये. ती उलटते आणि शेजारच्याच्या डोळ्यात जाते.

घरी आल्यावरची चूक याहून महाग पडते. भिजलेली पिशवी तशीच कपाटात ढकलायची आणि गणपतीला कॅमेरा बाहेर काढायचा. तोवर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली असते. पहिल्या रात्री सगळं पंख्याखाली उघडं ठेवा, मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसोबत. नारिंगी दाणे हिरवट झाले की तव्यावर मंद तापवून पुन्हा वापरता येतात. पण तवा भाकरीचा नको, जुना वेगळा ठेवा. आमच्या घरात यावरून एकदा महाभारत झालंय. तांदळात कॅमेरा पुरून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला जेवायला बोलवा आणि तेच तांदूळ शिजवून घाला.

धुक्यात फोटो राखाडी, मळकट येतात ही नेहमीची तक्रार. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरच्या पांढऱ्याला करडं समजतं आणि फोटो काळवंडवतं. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या, आणि हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजवीकडं सरकला पण भिंतीला टेकला नाही एवढं बघा. हे न करता घरी येऊन हिरवा रंग ओढत बसणारे फार झालेत. सह्याद्रीचा हिरवा म्हणजे प्लास्टिकच्या तोरणाचा पोपटी नव्हे. ओल्या पानांवर आभाळाची चकाकी बसते म्हणून रंग फिका दिसतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारी काच, लेन्सला लावून तिचं कडं फिरवा, चकाकी गेली की खालचा हिरवा आपोआप वर येतो.

आणि सूर्योदयासाठी कड्यावर गर्दी का करता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आपल्या घाटाचं तोंड पश्चिमेला. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून येतो आणि दरी बराच वेळ सावलीतच असते. ढगांचा समुद्र हवा असेल तर पहाट ठीक आहे. कड्याच्या भिंतीवर ऊन हवं असेल तर दुपारची झोप काढून चारनंतर या.

काही गोष्टी एकेका ओळीत. बर्कीसारख्या धबधब्यात अर्धा सेकंद शटर उघडं ठेवून रेशमी पाणी काढताना प्रवाह गढूळ झाला की ट्रायपॉड उचलून बाहेर, त्या क्षणी. मसाई पठारावर फुलांत लोळून काढलेल्या फोटोच्या मागं चिरडलेली फुलं असतात, वाटेवरूनच काढा. राधानगरी अभयारण्य १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं आहे, तुमच्या ड्रोनसाठी नाही. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो, तेव्हा मोबाईल घेऊन त्याच्याकडं चालत जाणाऱ्याला मी फोटोग्राफर म्हणत नाही. आणि लेन्स परवडत नाही म्हणून रडगाणं नको. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर, त्यांनी याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता.

आता माणसांकडं येतो. रोपलावणीच्या दिवसांत शेतातल्या बायकांना हाका मारून ‘मावशी, तो कागद काढा, इरलं घाला’ म्हणणारे मी बघितलेत. एकजण तर गाडीतून इरलं घेऊनच आला होता. अरे, बाई गुडघाभर चिखलात वाकली आहे, हातात भाताच्या तरव्याची पेंढी आहे, डोक्यावर निळा प्लास्टिकचा कागद आहे, कारण तो हलका आणि स्वस्त आहे. आजचं रोजचं जगणं तेच आहे. तुला आजोबांच्या काळातला फोटो हवा असेल तर आजोबांच्या काळात जा.

याहून मोठी चूक म्हणजे ‘फोटो पाठवतो हं’ म्हणून निघून येणं. राधानगरीच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडा आहे. पाऊण तासाची चढण, पाच-सहा घरं. तिथल्या एका आजीचा फोटो मी काढला होता. घोंगडीची खोळ डोक्यावर, पुढं म्हशी, सगळं धुक्यात विरत चाललेलं. आणून देतो म्हणालो आणि विसरलो. पुढच्या वर्षी गेलो तर दारातच आजी.

“आनलास व्हय फोटू?”

मी काहीतरी पुटपुटलो. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. “गेल्या साली दाढीवाला आला हुता, त्यो म्हनला देतो. त्याच्या आदी पुन्याची दोन पोरं. एक बाई हुती, चष्म्याची. आनि तू. फोटू एकाचा न्हाई.” चहा मात्र दिला. तो चहा घशाखाली उतरेना.

पंधरा दिवसांनी बारा बाय अठराची प्रिंट घेऊन परत चढलो. हाच फोटो कोल्हापुरात शाहू स्मारकच्या प्रदर्शनात लोकांनी वाखाणला होता, तेव्हा छाती जरा फुगलेलीच. आजीनं तो सरळ धरला, उलटा धरला, नातीला दाखवला.

“ह्यात मी कुठं हाय? ही म्हशीची पाठ, आनि ही माजी पाठ.”

नात तोंडाला पदर लावून हसत सुटली. आजी आत गेली. ट्रंक वाजली. घडीचं लुगडं नेसून बाहेर आली, नातीनं अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडली, आजी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसली, नजर थेट लेन्समध्ये. “आता काढ.”

आता त्या घराच्या भिंतीवर हाच फोटो आहे. माझी धुक्यातली प्रिंट धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून घातलेली मी स्वतः बघितली आहे.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी त्यांचा फोटो. समोरून, उजेडात, सगळ्या घराचा, पोरांचे केस विंचरून झाल्यावर, हवं तर म्हशीसकट. त्यात अर्धा तास जातो, जाऊ दे. तोवर त्यांनाही तुमची सवय होते, मग कुणी चूल फुंकायला जातं, कुणी धार काढायला बसतं, आणि तुम्हाला हवा तो फोटो न सांगता मिळतो. घाई असलेल्यांनी रंकाळ्यावर सूर्यास्त काढावा.

प्रिंट पंधरा दिवसांच्या आत. मोबाईलवर पाठवतो म्हणू नका, वर रेंज नसते आणि म्हाताऱ्या माणसाला भिंतीवर लावायला कागद लागतो. सहा बाय आठ पुरे, पण लॅमिनेशन हवंच, कारण चुलीचा धूर आणि पावसाची ओल दोन्ही कागदाला खातात. पुन्हा चढून जाणं जमत नसेल तर पाकिटावर घरच्या कर्त्याचं नाव घालून खालच्या गावच्या दूध संस्थेत द्या. सकाळी दूध घालायला वरून कुणीतरी येतंच, तो रिकाम्या किटलीबरोबर घेऊन जातो.