बाह्य ग्रह अभ्यासताना: शनी गुरूपेक्षा चपटा का?

पदवीच्या दुसऱ्या वर्षी मी गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांची सारी माहिती एका कोष्टकात उतरवून मुखोद्गत केली होती. तोंडी परीक्षेत मला विचारण्यात आले की, गुरू आणि शनी यांपैकी ध्रुवांकडे अधिक चपटा ग्रह कोणता आणि का. दोघांचे व्यास मला पाठ होते. त्यांचा अर्थ मात्र मी कधी लावला नव्हता. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांच्या हातून तीच चूक होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

त्या हिवाळ्यात मी सहा इंची दुर्बिणीतून गुरूची चित्रे काढू लागलो. कंपासने आधीच आखून ठेवलेल्या वर्तुळात ते बिंब काही केल्या बसेना, कारण गुरूवरील ढगांच्या पट्ट्यांच्या दिशेने ते रुंद आणि त्यांच्या आडव्या दिशेने किंचित दबलेले दिसत होते. गुरूचा विषुववृत्तीय व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर, तर ध्रुवीय व्यास सुमारे १,३३,७०० किलोमीटर आहे. दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरणाऱ्या या ग्रहाचा मधला भाग परिवलनामुळे बाहेर फुगतो. शनीला एका परिवलनास थोडा अधिकच वेळ लागतो आणि तो आकारानेही लहान आहे, तरीही गुरूचा चपटेपणा, म्हणजे ध्रुवीय व्यास विषुववृत्तीय व्यासापेक्षा जितका कमी भरतो ते प्रमाण, साडेसहा टक्क्यांच्या आसपास असताना शनीचा जवळजवळ दहा टक्के भरतो. याचे कारण घनतेत आहे. गुरूची सरासरी घनता पाण्याच्या १.३३ पट, तर शनीची केवळ ०.६९ पट असल्यामुळे, इतक्या विरळ द्रव्याला गोलाकारात बांधून ठेवताना शनीचे गुरुत्वाकर्षण तोकडे पडते. हे उमगले आणि परिवलन, घनता व व्यास हे माझ्या कोष्टकातले तीन वेगळे रकाने एकमेकांशी बोलू लागले.

शनीच्या कड्यांविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला अभ्यासासाठी आणखी आग्रह करावा लागत नाही.

युरेनस आणि नेपच्यून यांना मात्र गुरू-शनीची धाकटी भावंडे समजू नये. गुरू आणि शनी मुख्यतः हायड्रोजन व हेलियम यांचे बनलेले आहेत, तर या दोघांच्या अंतर्भागात पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचे प्राबल्य असल्याचे मानले जाते. दोघांनाही जवळून भेट दिली ती एकट्या व्हॉयेजर २ यानाने, १९८६ आणि १९८९ मध्ये. नेपच्यूनला युरेनसच्या तुलनेत जेमतेम चाळीस टक्के सूर्यप्रकाश मिळतो, तरी दोघांचे तापमान जवळपास सारखेच आहे. नेपच्यून सूर्याकडून घेतो त्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा बाहेर टाकतो आणि युरेनसच्या आतून फारच थोडी उष्णता येते. हा फरक का पडला, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. पहिल्या प्रकल्पासाठी विषय शोधत असाल, तर याच जोडीपासून सुरुवात करावी, असे मी मनापासून सुचवीन.