कानस धरायला शिकवताना

नव्या मुलाचा पहिला जॉब साधा असावा: ५० × ५० मिमी, १० मिमी जाडीचा माइल्ड स्टीलचा तुकडा. एक कड सपाट करायची, मग तिला काटकोनात दुसरी. यात दोन-तीन दिवस गेले तरी जाऊ द्या.

आधी व्हाइसची (तुकडा जबड्यांत घट्ट पकडणाऱ्या शिकंजाची) उंची बघा. हात कोपरात वाकवला की कोपर जबड्यांच्या वरच्या कडेइतकं यायला हवं. मुलगा बुटका असेल तर पायाखाली फळी द्या. तुकडा जबड्यांवर ८-१० मिमीच ठेवा. जास्त वर राहिला की थरथरतो, कानस किंचाळते. मूठ नसलेली कानस कोणाच्याही हातात देऊ नका. तिचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं.

खरी गोम दाबात आहे. घाव (कानस एकदा पुढे ढकलणं) सुरू होताना पुढच्या टोकावरचा हात जड, मुठीवरचा हलका. मध्यावर दोन्ही सारखे. शेवटी मुठीवरचा जड. मागे घेताना दाब नाही, कारण दात पुढे जातानाच कापतात. मिनिटाला ४०-५० घाव पुरेत. घाई केली की कानस झोके खाते आणि कड मधे फुगते.

दर २०-२५ घावांनी तुकडा काढून उजेडासमोर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायला सांगा. त्याआधी बर (कडेला उरलेली धारदार कूस) काढलेली हवी, नाहीतर गुण्या खोटं बोलतो. दोन्ही बाजूंनी उजेड, मधे टेकलेला: झोके. एकाच बाजूने उजेड: एक हात सतत जड, किंवा तुकडाच तिरका बांधलेला. चूक मुलानेच ओळखू द्या, तुम्ही पटकन सांगू नका. मग घावाची दिशा तिरकी बदलायची. नवे ओरखडे जिथे उमटतात तेवढाच भाग उंच.

आखलेल्या रेषेवर ०.३ मिमी उरेपर्यंत बास्टर्ड (भरड दातांची कानस), पुढे सेकंड कट (मध्यम), शेवटी स्मूथ (बारीक). रेषेवर पंचने (टोकदार छिन्नीने) मारलेले ठिपके अर्धे उरले की थांबा. अचानक खोल ओरखडा पडला तर दातांत कीस अडकलाय: दातांच्या दिशेने तारेचा ब्रश मारा, वर खडू घासा. घासलेल्या जागी बोट फिरवायची सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडा. बोटाच्या तेलकटपणाने कानस तिथे घसरते.

दुसऱ्या कडेला गुण्याचा जाड दांडा पहिल्या कडेवर टेकतो. ती पहिली सपाट नसेल तर दुसरीवरचं माप फुकट, म्हणून पहिली पास झाल्याशिवाय दुसरी बांधू देऊ नका.