फिरकीच्या तांब्याचं जाम झालेलं झाकण असं उघडलं

आजीच्या माळ्यावर पितळी फिरकीचा तांब्या सापडला. झाकण हलेना, आट्यांत हिरवा कळंक. खोबरेल लावलं, पक्कड लावली. कडेला ओरखडा तेवढा पडला. (तो अजून डोळ्यांत खुपतो.)

चाललं ते असं. आधी गरम व्हिनेगर फटीत सोडून अर्धा तास थांबलो, मग पुसून कोरडं केलं. रॉकेलचे पाच-सहा थेंब टाकून रात्रभर ठेवलं. सकाळी फक्त गळ्यावर उकळतं पाणी ओतलं, झाकणावर नाही. माझ्या तांब्याचं झाकण गळ्याच्या आत बसतं, म्हणून बाहेरचा गळा फुगायला हवा. लगेच रबरी हातमोजा घालून आधी किंचित आवळलं, मग उलटं फिरवलं. सुटलं!

गॅसवर मात्र ठेवू नका; रॉकेल आहे, शिवाय आत पाणी असलं तर वाफ कोंडते. नंतर चिंच-मिठाने घासून साबणाने धुतला, लगेच पुसला. आता झाकण सैल ठेवतो.