पूर्वपक्ष कोणाचा, सिद्धांत कोणाचा? तत्त्वज्ञानाचा शोधनिबंध एआयच्या मदतीने लिहिताना या चुका टाळा

तत्त्वज्ञानाच्या एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या हाती एआय साधने आता सर्रास आली आहेत, आणि ती मुळीच वापरू नयेत असा आग्रह धरण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. निबंधाचा आराखडा तपासणे, इंग्रजी वाक्ये नीट करणे, अपरिचित वादाची ढोबळ ओळख करून घेणे या कामांत त्यांचा उपयोग होतो. मात्र या विषयाला एक धोका विशेष आहे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात लेखक अनेकदा दुसऱ्याच्या तोंडून बोलतो. कोणते वाक्य कोणाचे आणि ते कोणाला उत्तर म्हणून आले आहे, हे एकदा सुटले की निबंधाचा पायाच ढासळतो. एआय साधनांच्या उत्तरांत नेमके हेच वारंवार सुटते. पुढील चुका स्पष्ट व्हाव्यात म्हणून एकच विषय धरून चालू या, तो म्हणजे प्राचीन भारतातील जडवादी चार्वाकांनी अनुमानप्रमाणावर, म्हणजे अनुमान हे ज्ञानाचे खात्रीचे साधन आहे या मतावर, घेतलेले आक्षेप.

पूर्वपक्षालाच ग्रंथकाराचे मत समजणे

चार्वाकांचा मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांची मते आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी मांडलेल्या पूर्वपक्षातून, म्हणजे खंडन करण्यासाठी आधी मांडलेल्या प्रतिपक्षाच्या मतातून, कळतात, आणि त्यांतील सर्वांत परिचित मांडणी चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाच्या पहिल्या प्रकरणात आहे. या ग्रंथाची रचनाच अशी की प्रत्येक दर्शन त्या त्या दर्शनाच्या बाजूने, पूर्ण ताकदीने मांडले जाते आणि त्याचे खंडन पुढच्या दर्शनाच्या तोंडून होते. व्याप्तीचे (‘जिथे धूर तिथे अग्नी’ अशा अटळ साहचर्याचे) ज्ञान होणेच शक्य नाही, हा चार्वाकांचा युक्तिवाद पहिल्या प्रकरणात आहे, तर तादात्म्य (एकरूपता) आणि तदुत्पत्ती (कार्यकारणसंबंध) यांच्या आधारे व्याप्ती कळू शकते, हे बौद्धांचे उत्तर दुसऱ्या प्रकरणाच्या अगदी आरंभी आहे. विद्यार्थी केवळ पहिल्या प्रकरणाची पीडीएफ साधनाला देतो आणि सारांश मागतो. मग ‘माधवाचार्यांच्या मते अनुमान हे प्रमाण नाही’ असे वाक्य हाती येते आणि तेच निबंधात जाते.

असे का होते, हे समजून घेतले तर उपायही सापडतो. मोठी फाइल दिल्यावर अनेक साधने तिचे छोटे तुकडे करतात आणि प्रश्नाशी जुळणारे तेवढेच तुकडे वाचून उत्तर देतात. संस्कृत शास्त्रग्रंथात ‘ननु’ने सुरू झालेला आक्षेप कधी कधी दोन-तीन पाने चालतो आणि ‘इति चेत्, न’ (‘असे म्हणाल, तर नाही’) हे उत्तर तिथपर्यंत येतच नाही. आक्षेप एका तुकड्यात आणि त्याचा निषेध दुसऱ्या तुकड्यात पडला, तर साधनाच्या दृष्टीने तो आक्षेप हेच ग्रंथाचे म्हणणे ठरते. पाश्चात्त्य ग्रंथांतही हीच गत आहे. न्याय म्हणजे बलवानाचे हित, हे प्लेटोच्या रिपब्लिकमध्ये थ्रॅसिमॅकस म्हणतो. ह्यूमच्या १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या नैसर्गिक धर्मविषयक संवादांत फिलो, क्लिआन्थीस आणि डेमिया हे तिघे बोलतात आणि त्यांपैकी ह्यूम कोणाच्या बाजूचा, हा अभ्यासकांमध्ये वादाचा विषय आहे. अशा ठिकाणी ‘ह्यूम म्हणतो’ एवढेच लिहून सुटता येत नाही.

म्हणून साधनाला सारांश मागण्यापूर्वी संबंधित उतारा स्वतः वाचून आक्षेप कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याच्या खुणा करून ठेवाव्यात. प्रश्न विचारताना ‘या प्रकरणाचा सारांश द्या’ असे न म्हणता ‘यातील प्रत्येक विधान कोणाच्या तोंडचे आहे ते ओळनिहाय सांगा’ असे म्हणावे आणि मिळालेले उत्तर आपल्या खुणांशी ताडून पाहावे. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे बहुतेक वेळा साधन चुकलेले असते, परंतु क्वचित आपले वाचनही चुकलेले आढळते आणि तो फायदा मोठा असतो.

स्कॅन केलेल्या जुन्या प्रतींबाबत आणखी एक अडचण येते. आनंदाश्रमाच्या किंवा निर्णयसागरच्या जुन्या आवृत्त्यांच्या पीडीएफमध्ये अनेकदा केवळ पानांची छायाचित्रे असतात, अथवा त्यांतील देवनागरी अक्षरओळख इतकी सदोष असते की जोडाक्षरांचा पार चुराडा झालेला असतो. अशा वेळी साधन ‘मला वाचता आले नाही’ असे सांगेलच याची खात्री नसते. पूर्वी शिकलेल्या मजकुराच्या आधारे ते त्या ग्रंथाविषयी ओघवते उत्तर देऊन मोकळे होते. फाइल खरोखर वाचली गेली आहे का, हे पाहण्यासाठी अमुक पानाची पहिली ओळ जशीच्या तशी लिहून मागावी. ती चुकली, तर पुढचे काहीही विश्वासार्ह मानू नये.

अवतरण स्मरणातून उतरवू देणे

याच वादातील एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. व्याप्तीविषयी कायम शंका घेता येते, या आक्षेपाला दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या नैयायिक (न्यायदर्शनाच्या) उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत असे उत्तर दिले:

‘शङ्का चेदनुमास्त्येव न चेच्छङ्का ततस्तराम् । व्याघातावधिराशङ्का तर्कः शङ्कावधिर्मतः ॥’

शंका असेल तर अनुमान आहेच, कारण न पाहिलेल्या देशकाळाविषयी शंका घेण्यासाठीसुद्धा अनुमान लागते. शंका नसेल तर प्रश्नच मिटला. शिवाय शंकेची धाव स्वतःच्या आचरणाशी विरोध येईपर्यंतच असते आणि तर्क (उलट मानल्यास येणारी विसंगती दाखवणे) ही शंकेची सीमा मानली आहे, असा त्याचा आशय. बाराव्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात तुझीच गाथा काही अक्षरे बदलून म्हणतो, असे सांगून हाच श्लोक उलटवला:

‘व्याघातो यदि शङ्कास्ति न चेच्छङ्का ततस्तराम् । व्याघातावधिराशङ्का तर्कः शङ्कावधिः कुतः ॥’

विरोध आहे म्हणता, तर तो शंकेवाचून उभाच राहत नाही, म्हणजे शंका आहेच. विरोध नसेल तर शंकेला अडवणारे काहीच नाही. मग तर्क ही शंकेची सीमा कुठून होणार? दुसरा आणि तिसरा चरण दोन्हीकडे एकच आहे. बदल झाला तो पहिल्या चरणात आणि अखेरच्या ‘मतः’च्या जागी आलेल्या ‘कुतः’मध्ये. संपूर्ण वाद या फरकावर उभा आहे आणि पुढे गंगेशाने तत्त्वचिंतामणीत श्रीहर्षाला उत्तर देताना याच श्लोकाचा परामर्श घेतला आहे. एआय साधनामागचे भाषिक प्रतिमान मात्र पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक, या हिशेबाने मजकूर तयार करते. त्यामुळे इतक्या सारख्या दोन ओळींत एकीचा आरंभ आणि दुसरीचा शेवट जोडला जाण्याची किंवा श्रीहर्षाचा श्लोक उदयनाच्या नावावर जाण्याची भीती कायम राहते. उत्तर वाचायला गुळगुळीत असते आणि परीक्षकाला चूक पहिल्याच ओळीत दिसते.

म्हणून कोणतेही अवतरण, मग ते संस्कृत असो, ग्रीकचा अनुवाद असो वा कांटचे वाक्य असो, छापील किंवा स्कॅन केलेल्या पानावरूनच उतरवावे आणि सर्वमान्य संदर्भक्रमांकासह द्यावे. प्लेटोसाठी स्टेफानस क्रमांक, ॲरिस्टॉटलसाठी बेकर क्रमांक आणि कांटच्या शुद्धबुद्धीच्या मीमांसेसाठी १७८१ आणि १७८७ या दोन आवृत्त्यांचे ‘ए’ व ‘बी’ पृष्ठांक वापरण्याची पद्धत आहे. साधन अनेकदा कुठल्यातरी अनुवादाचा पृष्ठांक देते, आणि तो अनुवाद कोणता हे सांगत नाही.

अस्तित्वात नसलेले संदर्भ

या चुकीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. लेखक खरा, नियतकालिक खरे, पण लेखच अस्तित्वात नाही, असा संदर्भ साधन सहज रचते. प्रत्येक नोंद फिलपेपर्स या तत्त्वज्ञानविषयक लेखनाच्या ऑनलाइन सूचीत, नियतकालिकाच्या स्वतःच्या अनुक्रमणिकेत किंवा ग्रंथालयाच्या सूचीत प्रत्यक्ष शोधावी. डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल क्रमांक) असल्यास तो उघडून पाहावा. लेख सापडला म्हणजेही काम संपत नाही, कारण त्यात आपण म्हणतो ते म्हटले आहे का, हे वाचूनच ठरते.

आवृत्तीची नोंद मात्र जरूर करावी. सर्वदर्शनसंग्रहात दर्शने पंधरा की सोळा, या प्रश्नाला साधन कधी एक तर कधी दुसरे उत्तर देते. कॉवेल आणि गफ यांच्या १८८२ च्या इंग्रजी अनुवादात शांकरदर्शनाचे प्रकरण नाही, तर वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी स्वतःच्या टीकेसह संपादित केलेल्या आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत ते सोळावे आहे. कॉवेल-गफ यांचा अनुवाद इंटरनेटवर सर्वत्र मोफत मिळतो, त्यामुळे साधनाने ‘स्वतः’ केलेल्या अनुवादात त्यांची वाक्ये उतरण्याचा संभव मोठा आहे. आपला म्हणून दिलेला अनुवाद त्यांच्याशी एकदा ताडून पाहावा.

‘चार्वाक म्हणजे भारतीय ह्यूम’

तुलनात्मक निबंध मागितला की साधन साम्ये भराभर देते, आणि ती बहुधा वरवरची असतात. सर्वदर्शनसंग्रहातील चार्वाक एकेक प्रमाण घेऊन विचारतो की व्याप्ती कळणार कशाने? प्रत्यक्ष भूत-भविष्यापर्यंत पोहोचत नाही, अनुमान मानल्यास अनवस्था येते (एका अनुमानाला दुसरे, त्याला तिसरे लागतच राहते), शब्द (आप्तवचन) आणि उपमान (सादृश्य) यांनीही काम भागत नाही. शिवाय उपाधी (साहचर्यामागे दडलेली एखादी अट) नाही याची खात्री कशी करणार? ह्यूमच्या मांडणीत अशी प्रमाणांची चौकट नाही. अनुमानातून कधी यश मिळाले तर ते चार्वाकाच्या लेखी यादृच्छिक, मणी-मंत्र-औषधींच्या गुणासारखे असते. ह्यूम मात्र सवयीला मानवी स्वभावाचे तत्त्व मानतो आणि पुराव्याच्या प्रमाणात विश्वास ठेवा असे सांगतो. हा फरकच निबंधाचा खरा विषय होऊ शकतो, आणि साधनाच्या ‘दोघेही अनुभववादी होते’ या वाक्याने तो झाकला जातो.

सर्व चार्वाक एकाच मताचे होते, हे गृहीतकही असेच शिरते. बौद्ध आचार्य कमलशीलाच्या पंजिकेत (टीकेत) पुरंदर या चार्वाकाचे मत नोंदले आहे. लोकप्रसिद्ध अनुमान त्याला मान्य होते, लोकमार्ग ओलांडणारे अनुमान त्याने नाकारले. जयराशिभट्टाला चार्वाक म्हणावे की नाही, यावर तर अभ्यासकांचे एकमत नाही. एवढे नमूद केले, तरी निबंधाची पातळी बदलते.

आपलीच पाठ थोपटून घेणे

‘माझा युक्तिवाद कसा वाटतो?’ असे विचारल्यास साधन कौतुक करते, आणि आक्षेप मागितले तर कोणत्याही विषयाला लागू पडतील असे चार आक्षेप देते. त्यापेक्षा आपली आधारविधाने क्रमांक लावून द्यावीत आणि ‘नैयायिकाच्या भूमिकेतून तिसरे विधान खोटे ठरवा, बाकीची मान्य धरा’ असे नेमके सांगावे. नंतर संभाषण नव्याने सुरू करून तोच मजकूर विरोधकाचा म्हणून द्यावा. साधनाचा अभिप्राय आता पालटला, तर पहिल्या कौतुकाची किंमत कळते. ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ हा निष्कर्ष साधनाचा आवडता आहे. तत्त्वज्ञानाच्या निबंधात कोणत्या बाजूत किती तथ्य आणि का, हे लेखकालाच ठरवावे लागते.

भाषा आणि घोषणा

मराठी खर्डा साधनाकडून इंग्रजीत आणताना ‘व्याप्ती’ला एका पानावर ‘पर्व्हेजन’, दुसऱ्यावर ‘कॉन्कॉमिटन्स’ आणि तिसऱ्यावर ‘इंडक्शन’ असे पर्याय येतात आणि वाचकाला या तीन संकल्पना वाटतात. पारिभाषिक शब्दांची सूची आधी करून ती साधनाला द्यावी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या नियमांनुसार इतर लेखनाशी असलेल्या दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून अहवालातील आकडा कमी आला की विद्यार्थी निश्चिंत होतात. रचलेला संदर्भ आणि चुकीच्या माणसाच्या तोंडी घातलेले मत यांचे साम्य कशाशीच नसते, त्यामुळे ते या चाळणीतून बिनबोभाट सुटतात. उलट एआय-शोधक सॉफ्टवेअर निर्दोष लेखनालाही दोषी ठरवू शकते. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी असल्यामुळे जुलै २०२३ मध्ये बंद केले, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या लेखनावर अशा सॉफ्टवेअरचा चुकीचा ठपका अधिक पडतो, असे त्याच वर्षीच्या एका अभ्यासात आढळले. म्हणून खर्ड्यांच्या तारीखवार प्रती, हस्तलिखित टिपणे आणि साधनाशी झालेली संभाषणे जपून ठेवावीत.

एआयला सहलेखक करता येत नाही, ही कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स या प्रकाशननीतीविषयक संस्थेची २०२३ पासूनची भूमिका आहे. वापर मात्र उघडपणे सांगावा लागतो. घोषणेत ‘भाषासुधारणेसाठी एआयचा वापर केला’ असे मोघम न लिहिता साधनाचे नाव, काळ आणि नेमके काम लिहावे, आणि मार्गदर्शकांना ती निबंध पाठवण्यापूर्वी दाखवावी. दुसऱ्याचा अप्रकाशित लेख परीक्षणासाठी आला असेल, तर तो संपादकांच्या परवानगीशिवाय कोणत्याही साधनात टाकू नये.