प्रोग रॉकमधला आपला उपप्रकार कानाने कसा शोधावा

प्रोग, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, आवडतं असं सांगणाऱ्या दोघांच्या याद्या शेजारी ठेवल्या, तर त्यांत एकही नाव सामायिक नसणं अगदी शक्य आहे. एकाला येस या बँडचे टप्प्याटप्प्याने चढत जाणारे कळस हवे असतात, दुसऱ्याला कॅनचा पंधरा-वीस मिनिटं जागचा न हलणारा ठेका. दोघंही प्रोगच ऐकतायत. म्हणून ‘सर्वोत्तम शंभर’ छापाची यादी वरून खाली ऐकायला घेतली की तिसऱ्या अल्बमपर्यंत माणूस वैतागतो. त्यापेक्षा उपप्रकार ओळखायला शिकावं आणि त्यातला आपला कोणता ते ठरवावं.

आधी गाणी ऐकायच्या ॲपची सेटिंग बघून घ्या, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. शफल बंद. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरताना पुढचं त्यात मिसळणं, शून्य सेकंदांवर. मॅरिलियनच्या 1985 च्या ‘मिसप्लेस्ड चाइल्डहुड’मध्ये एका बाजूची गाणी एकमेकांना जोडलेली आहेत, क्रॉसफेड चालू असेल तर नेमका तो सांधा खाल्ला जातो. आवाजाची पातळी सारखी करणारी सोय असेल तर ती गाण्यागणिक नको, अल्बमगणिक ठेवा. गाण्यागणिक ठेवली की दोन मिनिटांचा हळुवार तुकडा आणि त्यानंतरचा स्फोट एकाच उंचीवर येतात, आणि सिंफोनिक प्रोगमध्ये, म्हणजे येसच्या शाखेत, ऐकायचं असतं ते बरंचसं त्या दोघांमधलं अंतरच. नव्या आवृत्त्यांना शेवटी डेमो आणि लाइव्ह तुकडे जोडलेले असतात. पहिल्या ऐकण्यात मूळ अल्बम संपला की थांबा, नाहीतर शेवट कुठे होता हेच कळत नाही.

आता कान कशाकडे लावायचा? चार गोष्टींकडे: सूर कोणतं वाद्य धरून ठेवतंय, ठेका बदलतो की टिकतो, आवाज गातोय की नुसतं वाद्य झालाय, आणि रचना कुठेतरी पोहोचते की गोल फिरते. साल आणि देश यांवरून ठरवायला गेलात तर फसाल. किंग क्रिम्झन एकच नाव आहे, पण 1969 चा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ आणि 1981 चा ‘डिसिप्लिन’ ऐकून कोणी त्यांना एका घरचे म्हणणार नाही. पहिल्यात मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डचे ढग आहेत, दुसऱ्यात दोन गिटारी शिवणीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. जेनेसिसचं 1973 आणि 1986 हेही तसंच. शिफारस मागताना बँडचं नाव पुरत नाही, अल्बमचं लागतं.

सिंफोनिक प्रोगची खूण मेलोट्रॉन. हे वाद्य आतून बघितलं तर त्याचा आवाज कायमचा ओळखू येतो. एम 400 या मॉडेलला 35 पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपची एक स्वतंत्र फीत. तिच्यावर व्हायोलिन, बासरी किंवा गायकवृंदाचा एकेक स्वर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप हेडवरून सरकते, सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढते. टेप साधारण आठ सेकंदांची असते, म्हणजे एक स्वर त्याहून जास्त वेळ धरताच येत नाही. म्हणून मेलोट्रॉनवाल्या संथ भागात स्वरमेळ ठरावीक काळाने बदलतच राहतो, आणि तारवाद्यांचा आवाज किंचित थरथरता, जुन्या फोटोसारखा पिवळट लागतो. सिंथेसायझरच्या तारवाद्यांना ही थरथर नसते. एकदा कानात बसली की इतर रेकॉर्डवरही ती लगेच सापडते.

या शाखेत सुरुवात येसच्या 1972 च्या ‘क्लोज टू द एज’पासून करा, पण शीर्षकाचा साडेअठरा मिनिटांचा तुकडा एकसंध गिळू नका. त्याचे चार भाग आहेत. पाणी आणि पाखरांच्या आवाजानंतर वाद्यांचा जो गदारोळ उठतो, तिथेच बहुतेक जण बंद करतात. तो मुद्दामच विस्कटलेला आहे. तो संपून गाणं सुरू झालं की धून पकडा. तीच पुढे वेगळ्या कपड्यांत परत येते. तिसरा भाग जवळजवळ निश्चल आहे आणि त्यात चर्चचा खराखुरा ऑर्गन घुमतो. तिथे अंगावर काटा आला तर सिंफोनिक तुमचं. मग जेनेसिसचा ‘फॉक्सट्रॉट’ (1972) आणि कॅमलचा ‘मिराज’ (1974) घ्या. एमर्सन, लेक अँड पामर थोडे थांबवून ठेवा. ‘टार्कस’ (1971) कीबोर्डच्या कसरतीचा आहे, आणि कसरत आवडणं ही वेगळी आवड आहे.

हे तुकडे वीस मिनिटांच्या आसपासच का थांबतात, तर एलपीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावतं. जेथ्रो टलचा ‘थिक ॲज अ ब्रिक’ (1972) ही एकच रचना आहे आणि तरीही मध्ये आवाज विरून पुन्हा उगवतो. तिथे रेकॉर्ड उलटायची असायची. तुम्हीही तिथे थांबून चहा घ्या, काही बिघडत नाही.

कँटरबरी हा शब्द गावावरून आला असला तरी ओळख गावाची नाही, स्वभावाची आहे. जॅझची चाल, तक्रार नसलेला साधा इंग्रजी गळा, थट्टेखोर शब्द, आणि सगळ्यात ठळक म्हणजे फझमधून, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या यंत्रातून, काढलेला ऑर्गन. तो ऑर्गनसारखा न वाजता गिटार आणि सनई यांच्या मधलं काहीतरी वाजतो. कॅराव्हॅनच्या ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’ (1971) मधली शेवटची रचना बावीस मिनिटांहून लांब आहे, आणि इतकी लांब असूनही ती कुठे छाती काढून चालत नाही. येस ऐकून दमलेल्यांना हीच शाखा हमखास लागू पडते, असं आमचं मत. सॉफ्ट मशीनचा ‘थर्ड’ (1970) मात्र पहिल्याच आठवड्यात नको. दोन रेकॉर्ड, चार बाजू, चार रचना, आणि त्यांतली गाण्याच्या जवळची एकच.

क्राउटरॉक हे नाव ब्रिटिश संगीतपत्रांनी रुळवलेलं आणि अनेक जर्मन वादकांना नकोसं वाटलेलं. त्याखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक ठेक्याची: कॅनचा ‘टागो मागो’ (1971), नॉय!चा पहिला अल्बम (1972). नॉय!च्या पहिल्या दहा मिनिटांत चार मात्रांचा सरळ ठेका जवळजवळ न बदलता चालतो. इथे ‘पुढे काय होणार’ म्हणून वाट पाहिलीत की कंटाळा येणारच, कारण पुढे काही होणार नसतं. चालताना किंवा गाडी चालवताना ऐका. दुसरी सिक्वेन्सरची: टँजरीन ड्रीमचा ‘फेड्रा’ (1974). यात ढोल नाहीतच, यंत्राने फिरवलेली स्वरांची साखळी हळूहळू रंग बदलते. या शाखेला हेडफोन हवेत, कारण लॅपटॉपच्या स्पीकरमध्ये खालचे स्वर नाहीसे होतात आणि मागे उरतं ते नुसतं टिकटिकणं.

इटालियन शाखेत गळा मोठा आणि भावना उघडी. बांको देल मुतुओ सोकोर्सोचा ‘डार्विन!’ (1972) ऐका. पियानो आणि ऑर्गनवर दोन भाऊ, आणि ऑपेराच्या तोडीचा गायक. प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनीचा ‘पेर उन आमिको’ (1972) इटालियनमध्येच घ्या; 1973 च्या ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’मध्ये बरंचसं तेच संगीत इंग्रजी शब्दांवर आहे, आणि गळा तिथे अवघडलेला लागतो.

निओ-प्रोग ऐंशीच्या दशकातलं. मॅरिलियनचा ‘स्क्रिप्ट फॉर अ जेस्टर्स टिअर’ (1983) हा त्याचा नमुना: गायक पुढे, सिंथेसायझर स्वच्छ, ठेके सोपे. जुन्या जेनेसिसची नक्कल म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण शब्दांसाठी संगीत ऐकणाऱ्याला प्रोगमध्ये शिरायला याहून सोपी वाट नाही.

प्रोग मेटलमध्ये तीन दारं आहेत. ड्रीम थिएटरचा ‘इमेजेस अँड वर्ड्स’ (1992) हे कौशल्याचं; त्यातला ट्रिगर केलेला (खऱ्या ठोक्याच्या जागी मुद्रित ठोका वाजवणारा) स्नेअर ढोल ठोकळ्यासारखा लागतो, तो दोष तुमच्या स्पीकरचा नाही. टूलचा ‘लॅटरलस’ (2001) हे ठेक्याचं. ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (2001) हे हळुवार आणि हिंस्र यांच्या अदलाबदलीचं. गुरगुरणारा आवाज सोसत नसेल तर त्यांचा ‘डॅम्नेशन’ (2003) आहे, त्यात गुरगुर अजिबात नाही. पण तो मेटलही नाही, त्यामुळे त्यावरून शाखेची परीक्षा होत नाही.

मॅग्माची झॉयल शाखा आणि 1978 मध्ये लंडनच्या मैफलीतून नाव मिळालेली ‘रॉक इन ऑपोझिशन’ची मंडळी शेवटी ठेवा. मॅग्मा क्रिस्टियान वांदेरने स्वतः रचलेल्या कोबायन भाषेत गातात. जाड बेस आणि मंत्रासारखा गायकवृंद एकच वाक्य रेटत नेतात. ‘मेकानिक डेस्ट्रुक्टिव्ह कोमांडो’ (1973) एका बैठकीत ऐका. तुकड्यांनी ऐकलात तर नुसता आरडाओरडा वाटेल.

मात्रा मोजण्याची भीती अनेकांना असते. पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (1973) घ्या. बेस सुरू होण्याआधी नाणी, फाटणारा कागद, गल्ला अशा सात आवाजांचा टेपचा वेढा फिरतो. बोटांवर एक ते सात मोजा आणि बेस आला तरी मोजत राहा. रूपकाची सवय असेल तर टाळी-खाली विसरा, फक्त सम धरा. सॅक्सोफोनचा भाग सातातच आहे. गिटारची एकल सुरू झाली की तुमचं मोजणं अचानक चुकेल. चूक तुमची नाही, तिथे ठेका चारात जातो. तो बदल न सांगता कळला की पुढची पायरी: ‘फॉक्सट्रॉट’च्या शेवटच्या रचनेतला नऊ मात्रांचा भाग. ३-२-४ असं मोजा, बेस आणि ढोल धरा, ऑर्गनकडे दुर्लक्ष करा; तो त्या नऊवर बसायला तयारच नाही. ‘लॅटरलस’च्या शीर्षकगीतात धृपदाला 9, 8 आणि 7 असे तुकडे येतात, तिथे 24 चं एकच मोठं आवर्तन धरणं सोपं जातं. पण क्राउटरॉक आणि बरंचसं निओ-प्रोग न मोजता ऐकायचं, मोजायला तिथे फारसं काही नाही.

निवड करायला दोन आठवडे आणि सहा अल्बम पुरतात: वरच्या पहिल्या सहा शाखांतला प्रत्येकी एक. प्रत्येक तीनदा. पहिल्यांदा दुसरं काम करत, दुसऱ्यांदा हेडफोन लावून बसून, तिसऱ्यांदा फक्त एक वाद्य धरून, शक्यतो बेस. एकाच दिवशी तिन्ही वेळा नको, मध्ये निदान एक रात्र जाऊ द्या. कागदावर तारे देऊ नका, कंटाळा नेमका कितव्या मिनिटाला आला ते लिहा. कंटाळा दर वेळी त्याच मिनिटाला आला तर ती शाखा सोडा. तिसऱ्या वेळी तो पुढे सरकला असेल, तर त्याच शाखेतला दुसरा अल्बम लावा.